आचे : सुमात्राच्या टोंकाचा प्रांत

आपल्या देशाच्या नकाशांत निकोबार बेटांचें जें अगदीं दक्षिणेकडील टोंक दिसतें, तेथून परराष्ट्राची भूमि किती दूर आहे, असें विचारल्यास पुष्कळांस नीट उत्तर देतां येणार नाहीं. मुंबईहून नाशिक जितकें दूर, जवळजवळ तितक्याच अंतरावर समुद्रापलीकडे सुमात्रा बेट लागतें. आणि त्या बेटाचें जें उत्तर टोंक, तोच इंडोनेशियाचा आचे प्रांत. शेजारी इतका निकटचा, पण आपणांपैकीं कित्येकांच्या कानांवर त्याचें नांव प्रथम आलें तें २००४ सालच्या डिसेंबरांत, आणि तेंहि प्रेतांच्या संख्येबरोबर. या प्रांताची खरी कथा त्याहून फार जुनी आहे. दूरच्या सत्ताधीशांनीं दिलेल्या व मोडलेल्या वचनांची ती कथा आहे.

प्रथम भूमीचें स्वरूप पाहूं. क्षेत्रफळ सुमारें ५७ हजार चौरस किलोमीटर. २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणें वस्ती ५२ लाखांहून कांहींशी अधिक. विषुववृत्त येथून फार दूर नाहीं, त्यामुळें हिवाळा असा ठाऊकच नाहीं. पाऊस व उष्मा हींच हवामानाचीं दोन अंगें. प्रांताच्या मधून बुकित बारिसान नांवाची पर्वतराजि जाते. त्या शब्दांचा अर्थच ‘टेंकड्यांची रांग’ असा आहे. पूर्वेकडे डोंगर व समुद्र यांमध्यें सपाट, भातशेतीची पट्टी आहे, आणि दाट वस्ती तेथेंच. पश्चिमेस मात्र डोंगर समुद्राच्या अगदीं जवळ येतो, व मैदानाची जागा अरुंद होते. आपल्या कोंकणाची आठवण व्हावी अशीच ती रचना. मधल्या उंच प्रदेशांत गायो लोक राहतात. तेथील कॉफी जगाच्या बाजारांत नांवाजलेली आहे. पण आचेचें भाग्य व दुर्भाग्य ठरविलें तें कॉफीनें नव्हे. मलाक्काच्या सामुद्रधुनींत पश्चिमेकडून शिरणारें प्रत्येक गलबत या टोंकावरून जातें, ही एकच गोष्ट त्यास पुरेशी होती.

१५११ सालीं पोर्तुगीजांनीं मलाक्का घेतलें. त्यांच्या अमलाखालीं व्यापार करणें ज्या मुसलमान व्यापाऱ्यांस नकोसें झालें, ते दुसरें बंदर शोधूं लागले, आणि मिऱ्यांच्या व्यापारावर आचेची सल्तनत भरभराटीस आली. सुलतान इस्कंदर मुदा (१६०७ ते १६३६) याच्या काळीं तिचा अंमल सुमात्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर दूरवर पसरला होता. सुरतेशीं या दरबाराचें दळणवळण होतें. सुरतेजवळच्या रांदेर गांवचा नूरुद्दीन रानीरी हा पंडित १६३७ पासून सात वर्षें तेथें मोठ्या मानानें राहिला. पुढें तर १६४१ पासून १६९९ पर्यंत लागोपाठ चार राण्या आचेच्या सिंहासनावर बसल्या. युरोपीय व्यापारी कंपन्या दाराशीं टपून बसल्या असतां त्यांनीं राज्याचें स्वातंत्र्य राखलें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

आतां वचनांकडे वळूं. १८२४ च्या लंडन तहाच्या वेळीं इंग्रज व डच यांनीं आग्नेय आशियाची वांटणी केली, तेव्हां आचेच्या स्वातंत्र्यास हात न लावण्याचें डचांनीं मान्य केलें होतें. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, सामुद्रधुनीचें महत्त्व वाढलें, आणि १८७१ च्या नव्या करारानें इंग्रजांनीं आपली हरकत मागें घेतली. त्याच सुमारास आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरील डच ठाणीं इंग्रजांच्या पदरांत पडलीं. ज्यांच्या भूमीचा हा सौदा चालला होता त्यांस कोणी विचारलें नाहीं, हें सांगणें नकोच.

१८७३ सालीं डचांनीं युद्ध पुकारलें. राजधानीची मोठी मशीद घेण्याच्या प्रयत्नांत त्यांचा सेनापति कोलर हाच गोळी लागून पडला. पुढल्या वर्षीं राजवाडा हातीं आला, तेव्हां युद्ध संपलें असें डचांस वाटलें. प्रत्यक्षांत सुलतान शरण आला तो १९०३ सालीं, व लहानसहान चकमकी त्यानंतरहि चालूच राहिल्या. तेउकू उमर हा सरदार १८९९ सालीं मारला गेला, तेव्हां त्याची पत्नी चुत न्याक दिएन हिनें जंगलांतून लढा चालविला. दृष्टि अधू झाली तरी तिनें शस्त्र खालीं ठेविलें नाहीं. अखेर पकडली गेल्यावर तिला जावा बेटांत हद्दपार करण्यांत आलें. तेथेंच १९०८ सालीं तिचा अंत झाला. युद्धांत जळलेली मशीद डचांनीं लोकांचा रोष शमविण्याकरितां पुन्हां बांधून दिली. मशीद राहिली, रोष शमला नाहीं.

दुसरें वचन स्वकीयांचें. १९४५ नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धांत सुमात्राच्या या टोंकावर डचांस पुन्हां पाय रोवतां आला नाहीं. १९४८ सालीं राष्ट्राध्यक्ष सुकार्नो स्वतः आचेंत आले, आणि लोकांनीं पैसा व स्त्रियांनीं अंगावरचें सोनें देऊन प्रजासत्ताकास एक डकोटा विमान घेऊन दिलें. असें असतां १९५० सालीं आचेचें प्रांतपण काढून त्यास उत्तर सुमात्रा प्रांतांत विलीन करण्यांत आलें! १९५३ सालीं दाऊद बरूएह यांनीं बंड उभारलें. तेव्हां कोठें प्रांत परत मिळाला, आणि १९५९ सालीं धर्म, रूढि व शिक्षण या बाबतींत विशेष अधिकार कबूल झाले. ते बहुतांशी कागदावरच राहिले. १९७१ सालीं अरुण येथें नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा सांपडला. त्याचें उत्पन्न जाकार्ताकडे वाहूं लागलें, आणि १९७६ सालीं हसन दी तीरो यांनीं स्वतंत्र आचेची घोषणा केली. त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांत हजारों माणसें बळी पडलीं. त्यांत सामान्य खेडुतांचा भरणा मोठा होता.

२६ डिसेंबर २००४ रोजीं सकाळीं आठच्या सुमारास समुद्राच्या तळाशीं भूकंप झाला, आणि पाठोपाठ लाटा आल्या. इंडोनेशियांत १ लाख ६० हजारांहून अधिक माणसें मेलीं वा बेपत्ता झालीं, तीं बहुतेक आचेचीं. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. भूकंपाच्या अगदीं निकट असलेल्या सिमेउलुए बेटावर सुमारें ७८ हजार वस्ती होती, आणि तेथें मृत्यु अवघे सात झाले. १९०७ सालीं तेथें अशीच लाट आली होती. तिला ते लोक ‘स्मोंग’ म्हणतात. जमीन हालून समुद्र मागें हटला कीं टेंकडी गांठावी, हें आज्या व आजोबा यांनीं गाण्यांतून व गोष्टींतून नातवंडांस शिकविलें होतें. जन्मभर ज्यानें खडू हातीं धरला त्यास हा धडा पाहून हेवा वाटावा.

या संकटानंतर दोन्ही पक्ष बोलणीं करण्यास बसले. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आह्तिसारी यांच्या मध्यस्थीनें १५ ऑगस्ट २००५ रोजीं हेलसिंकी येथें करार झाला. बंडखोरांनीं ८४० शस्त्रें खालीं ठेविलीं, बाहेरून आणलेलें सैन्य परत गेलें. २००६ सालीं आचेच्या राज्यकारभाराचा कायदा झाला, व त्याच वर्षींच्या निवडणुकींत इर्वांडी युसुफ हे गव्हर्नर झाले. हे गृहस्थ मूळचे बंडखोरांपैकीं. लाट आली तेव्हां तुरुंगांत होते, व छप्पर फोडून निसटले. पुढें लांचलुचपतीच्या आरोपावरून ते पुन्हां तुरुंगांत गेले, हेंहि सांगावयास हवें.

या कायद्यानें प्रांतापुरते राजकीय पक्ष काढण्याची मुभा दिली. तेल व वायू यांच्या उत्पन्नांतील ७० टक्के हिस्सा आचेस ठरला. शिवाय २००८ पासून विशेष निधि. वायू मात्र तोंवर सरत आला होता, आणि २०१४ सालीं अरुणहून शेवटचें जहाज भरून गेलें. शरीयतीप्रमाणें फौजदारी कायदा करण्याचा अधिकारहि आचेस आहे, व त्याखालीं चारचौघांत वेताचे फटके मारले जातात. स्वशासन म्हणजे हेंच काय, असा प्रश्न तेथील कित्येक स्त्रियाच विचारतात, आणि मला तो रास्त वाटतो.

वचनाची कसोटी अजून चालूच आहे. २०२५ च्या एप्रिलांत गृहखात्यानें चार लहान बेटें उत्तर सुमात्राकडे घातलीं. आचेच्या लोकांनीं हेलसिंकीचा करार पुढें केला. त्यांत प्रांताची सीमा १ जुलै १९५६ ची धरावी असें लिहिलें आहे. जून महिन्यांत राष्ट्राध्यक्षांनीं तीं बेटें आचेचींच असल्याचा निर्णय दिला.

गांवपातळीवर कारभार जुन्याच वळणाचा आहे. गांव म्हणजे गाम्पोंग; कांहीं गांवें मिळून मुकिम; आणि किनाऱ्यावर ‘पांग्लिमा लाओत’, म्हणजे समुद्राचा मुखिया. हें पद सुलतानांच्या काळापासून चालत आलेलें असून २००६ च्या कायद्यानें त्यास मान्यता दिली आहे. जाळीं कोठें टाकावीं, भांडण कसें मिटवावें, वादळांत चुकलेल्या होडीस कोणीं शोधावें, हें तो ठरवितो. शुक्रवारीं मासेमारी बंद असते. २६ डिसेंबर रोजींहि कोणी होडी लोटीत नाहीं.