उसातला बिबट्या आणि डार्टचा पल्ला

डोंगरातल्या जनावराची दुरून शिकार करणारे जगभर गोळीच्या निवडीवर काथ्याकूट करतात. चारशे मीटरवरही वेग टिकवणारी, वाऱ्याने फारशी न हलणारी लांबट, निमुळती गोळी त्यांना हवी असते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, पण जनावरावर दुरून नेम धरण्याची वेळ काही टळली नाही. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर काष्टी-श्रीगोंद्याच्या पट्ट्यात ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. त्याला पकडताना त्याच्यावर सुटतो तो भुलीचा डार्ट. तो गोळीच्या हिशेबाने निवडणे, म्हणजे बंदुकीचा दाब वाढवून पल्ला गाठू पाहणे, मला सपशेल चूक वाटते. डार्ट जवळच्या नेमासाठीच असतो. अंतर जास्त असेल तर बंदूक खाली घ्यावी.

७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची असते आणि सेकंदाला आठशे मीटरहून जास्त वेगाने निघते. तिचे काम इजा करण्याचे. डार्ट म्हणजे उडती सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा, मध्ये दट्टा. सुईचे टोक बंद असते. औषधाचे भोक तिच्या बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची इवलीशी नळी चढवलेली. सुई कातड्यात शिरली की नळी मागे सरकते, भोक मोकळे होते आणि हवेच्या रेट्याने औषध मांसात उतरते. डार्टचा वेग सेकंदाला पन्नास मीटर धरला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तरी तीस मीटर जायला त्याला ०.६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पावणेदोन मीटर खाली येतो. ही घट धरूनच नेम लावतात. पण तीस मीटर समजून मारलेला डार्ट बिबट्या चाळीसवर असेल तर पाऊण मीटरहून जास्त खाली जाईल. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंचीच जेमतेम तेवढी, म्हणजे डार्ट मातीत. बिबट्या वीसवर असेल तर डार्ट वर चढून मांडीऐवजी पाठीच्या कण्याकडे जातो. उसाच्या सरीत, संध्याकाळच्या उजेडात दहा मीटरची चूक सहज होते. बंदुकीचा दाब वाढवला तर घट कमी होते हे खरे, पण मग तीच सुई मांडीचे हाड मोडू शकते, पोटात घुसू शकते. मांडीचा जाड स्नायू हीच खरी जागा, आणि ती जवळूनच साधते.

जवळ जाणे जिवावर बेतेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आधी पिंजरा लावावा. आत अडकलेल्या बिबट्याला फुंकणीनेही भूल देता येते. मोकळ्या बिबट्यावर डार्ट बसला तरी केटामाइन आणि झायलाझिन ही भुलीची औषधे चढायला पाच ते पंधरा मिनिटे जातात. तेवढ्यात तो फडात कुठे शिरेल याचा नेम नाही, आणि बांधावरच्या गर्दीने आरडाओरडा केला तर भूल चढायला आणखी वेळ लागतो. वजनाचा अंदाज चुकला तर मात्राही चुकते: चाळीस किलोची मादी आणि साठ किलोचा नर दुरून, उसाच्या पाल्याआडून ओळखणे अवघड आहे.

मग सरळ गोळीच का नको, असे ज्यांच्या घरातले माणूस गेले ते विचारतात, आणि तो राग मला समजतो. माणसाच्या जिवाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने बिबट्याला मारण्याची सोय त्याच कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन बळी गेल्यावर डार्ट मारला, तो चुकला, बिबट्या पलटून अंगावर आला आणि नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या. डार्टच्या जोडीला रायफल तयार ठेवावी लागते, हे त्यातून दिसले. पण गोळी चुकली तर ती उसाच्या पाल्यात थांबत नाही. पलीकडे ऊसतोडीच्या कोपी असतात, पोरे खेळत असतात. त्यामुळे रायफल संरक्षणापुरती, पिंजरा पहिला, आणि डार्ट तीस मीटरच्या आत, मांडी स्पष्ट दिसत असेल तेव्हाच. एवढे जुळत नसेल तर त्या दिवशी माणसे मागे घ्यावीत, शेजारच्या वस्त्यांना सावध करावे आणि पिंजऱ्याची जागा बदलावी.