ग्लुकोजचं शेपूट

गावाकडे साधं सलाईन लावलं तरी ‘ग्लुकोज चढवलं’ असंच म्हणतात. शब्दात ‘ओज’ ऐकू येतं म्हणून तो इतका रुळला की काय, कोण जाणे. पण या ‘ओज’चा तेजाशी काडीचा संबंध नाही.

१७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने मनुकांतून साखर काढली. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गला किरखॉफने स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून साखर मिळवली. मधुमेह्याच्या लघवीतली साखर द्राक्षांतलीच, हे शेव्रलने १८१५ मध्ये दाखवलं. म्हणजे माणूस एकच, रेशनकार्डं तीन. शेवटी १८३८ मध्ये पेलिगो या रसायनशास्त्रज्ञाचं काम तपासताना पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या समितीने निकाल दिला: द्राक्ष, स्टार्च, मधुमेह आणि मध, चौघांतली साखर एकच, तिला ‘ग्लुकोज’ म्हणावं. समितीत द्यूमासारखे मातब्बर होते. मूळ शब्द ग्रीक ‘ग्लेउकोस’, म्हणजे द्राक्षाचा अजून न आंबलेला गोड रस. त्यातलं ‘ओस’, म्हणजेच आपलं ‘ओज’, हा नुसता नामाचा शेवट. त्याला स्वतःचा अर्थ नाही.

गंमत पुढे आहे. हे बिनअर्थाचं शेपूट रसायनशास्त्रज्ञांनी तोडलं आणि आडनावासारखं वाटत सुटले. पुढच्याच वर्षी पायेंच्या संशोधनावरच्या अहवालात ‘सेल्युलोज’ आलं. लाकडातला, कापसातला हा पदार्थ जिभेला अजिबात गोड नाही, तरी घराण्यात घेतला. १८५७ मध्ये मिलरने उसाच्या साखरेला ‘सुक्रोज’ म्हटलं. त्यातलं ‘सुक्र’ फ्रेंच ‘सुक्र’वरून, आणि तो शब्द अरबी-लॅटिन वाटेने आपल्या ‘शर्करे’पर्यंत, म्हणजे मुळात वाळूखड्यांपर्यंत, पोचतो. डोकं संस्कृत, शेपूट ग्रीक! फिशर आणि पिलोटीने तर १८९१ मध्ये ‘अरॅबिनोज’ची अक्षरं उलटीसुलटी करून ‘रायबोज’ बनवलं. आरएनएमधला ‘आर’ तोच.

मधल्या काळात, १८६६ मध्ये, केकुलेने ग्लुकोजचंच बारसं पुन्हा केलं. ही साखर ध्रुवीकृत प्रकाश उजवीकडे वळवते, म्हणून लॅटिन ‘डेक्स्टर’वरून ‘डेक्स्ट्रोज’. शास्त्रज्ञ पुढे ग्लुकोजकडेच परतले, औषधवाले मात्र डेक्स्ट्रोजला चिकटून राहिले. खाटेशेजारी टांगलेल्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज ५ टक्के’ छापलेलं असतं आणि नातेवाईक तिला ग्लुकोज म्हणतात. तेवढ्यापुरते नातेवाईक बरोबर असतात. घरात मधुमेही असेल तर लक्षात ठेवा, नावं दोन असली तरी साखर तीच.