प्लाझ्मासाठी धावाधाव झाली, पण जीव वाचवले स्वस्त औषधानं. हे कळलं कसं?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'प्लाझ्मा तातडीने हवा' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत होते. नातेवाइकांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. पण प्लाझ्मा दिल्यानं मृत्यू कमी होत नाहीत, हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' अभ्यासात जानेवारी २०२१ मध्येच दिसून आलं होतं. हे ठरवलं कसं, ते समजून घेऊ.

चिठ्ठी कशाला?

नवं खत फक्त काळ्या कसदार रानात टाकलं आणि पीक जोमात आलं, तर श्रेय खताचं की जमिनीचं? औषधाचंही तसंच आहे. तरण्याताठ्या रुग्णाला नवं औषध दिलं आणि तो बरा झाला, म्हणून ते औषध गुणकारी ठरत नाही. त्यामुळे कोणाला नेहमीचेच उपचार आणि कोणाला त्यासोबत नवं औषध, हे डॉक्टर ठरवत नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. मग दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, कमी-जास्त आजारी साधारण सारखेच येतात.

नोंदींचं काम

ऑक्सफर्ड विद्यापीठानं मार्च २०२० मध्ये हा अभ्यास सुरू केला. दवाखाने खचाखच भरलेले, डॉक्टरांना कागद भरायला वेळ नाही. म्हणून रुग्णाची संमती घेऊन ऑनलाइन छोटा फॉर्म भरायचा आणि २८ दिवसांनी किंवा सुट्टी होताना आणखी एक, एवढंच काम ठेवलं. बाकी माहिती सरकारी आरोग्यसेवेच्या कॉम्प्युटरवरील नोंदींतून घेतली. तिथं प्रत्येक रुग्णाला स्वतःचा नंबर असतो. त्यामुळे रुग्ण घरी गेल्यावरही त्याचं पुढं काय झालं, ते कळत होतं.

निकाल काय लागला?

जून २०२० मध्ये पहिला मोठा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या दर १०० रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारात सुमारे ४१ दगावले, हे औषध मिळालेल्यांत २९. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत हा आकडा २६ वरून २३ वर आला. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणून हे औषध मनानं घ्यायचं नसतं.

प्लाझ्माची तपासणी ११ हजारांहून जास्त रुग्णांवर झाली. दोन्ही गटांत मृत्यू सारखेच, १०० मागे २४. भारतात आयसीएमआरच्या अभ्यासातही फायदा दिसला नव्हता. मे २०२१ मध्ये आपल्याकडच्या सरकारी उपचार यादीतून प्लाझ्मा वगळला गेला. तोवर अनेक घरांची धावपळ होऊन गेली होती.

आपल्याशी संबंध काय?

आपल्याकडे आता 'आभा' हा १४ अंकी आरोग्य नंबर आहे. तो काढला म्हणजे कुणी आपल्यावर औषधाचा प्रयोग करू शकतो, असं नाही. अशा अभ्यासात घेण्याआधी सगळं समजावून सांगून संमती घ्यावी लागते. नको असेल तर नाही म्हणता येतं, मधूनही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

मात्र नोंद चुकीची, तर हिशोबही चुकीचा. केसपेपर काढताना खरं वय, जुने आजार आणि चालू गोळ्या नीट सांगा. डॉक्टरांना तुमच्यावर उपचार करताना त्याचा उपयोग होतोच, उद्या दुसऱ्या कुणाचा जीवही त्यातून वाचू शकतो.