निवारा हवा होता, की मायभूमी? १९०३ सालचा एक प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण इसवी सन ७० पर्यंत आलो होतो. रोमन सेनापती टायटसनं जेरुसलेम जिंकलं, दुसरं मंदिर जाळलं. पुढे सम्राट हेड्रियननं जेरुसलेमचं नाव बदललं आणि १३५ मध्ये बार कोखबाचं बंड मोडल्यावर ज्यूंना शहरात यायला बंदी केली. तिथून आज पुढे जाऊ.

आता बघा, ज्याचं राज्य गेलं, शहर गेलं, देऊळ गेलं, तो समाज दोन-तीन शतकांत आसपासच्या लोकांत मिसळून जातो. इथे तसं झालं नाही. का? तर या लोकांनी आपला देश रोजच्या व्यवहारात बांधून घेतला. प्रार्थना करायची ती जेरुसलेमकडे तोंड करून. पावसासाठी प्रार्थना करायची ती पॅलेस्टाईनमधल्या पावसाळ्याच्या हिशेबानं, मग स्वतः पोलंडच्या बर्फात का असेना! लग्नात काचेचा पेला फोडायचा, कारण आनंदातही मंदिराचा नाश विसरायचा नाही. म्हणजे जमीन हातात नव्हती, पण पंचांगात होती.

ही ओढ मुख्यतः धार्मिक होती. थोडे लोक तिथे जाऊन राहत, पण बहुसंख्यांचा भाव असा की देव नेईल तेव्हा जाऊ. तिचं राजकारण झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. १८८१ मध्ये रशियात झारचा खून झाला आणि ज्यूंवर हल्ल्यांची लाट आली. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. व्हिएन्नाचे पत्रकार थिओडोर हर्झल यांनी १८९६ मध्ये ज्यूंच्या राष्ट्राची कल्पना मांडणारी पुस्तिका काढली आणि १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे पहिली झायनिस्ट काँग्रेस भरवली.

आता येतो आजच्या विषयाचा गाभा. एप्रिल १९०३ मध्ये किशिनेव्ह शहरात दंगल झाली, ४९ ज्यू मारले गेले. त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकारानं पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ करण्यात आली. ‘युगांडा योजना’ म्हणून ती ओळखली जाते, पण तो प्रदेश आजच्या केनियात आहे. हर्झलनी सहाव्या काँग्रेसपुढे ती ठेवली. त्यांचं म्हणणं इतकंच, की हे जेरुसलेम नाही, पण माणसं मरताहेत, तात्पुरता निवारा तर घेऊ.

पाहणीसाठी आयोग पाठवावा, या बाजूनं २९५ मतं पडली, विरोधात १७८. आणि सर्वात कडवा विरोध कुणाचा? रशियातल्या प्रतिनिधींचा, म्हणजे ज्यांच्या घराला आग लागली होती त्यांचाच! ते सभागृहातून उठून गेले. काही जण मंदिराच्या नाशाचं सुतक पाळतात तसे जमिनीवर बसून रडले. १९०४ मध्ये हर्झल वारले आणि १९०५ च्या काँग्रेसनं ही योजना फेटाळली.

आपण याला हटवाद म्हणायचं का? घाई करू नका. निवारा कुठेही चालतो, मायभूमीला पर्याय नसतो, असं त्यांना वाटत होतं. पण जे पर्यायी निवारा शोधावा म्हणत होते, तेही चूक नव्हते. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले, तेव्हा बहुतेक देशांनी दारं लावून घेतली होती.

आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. आफ्रिकेतल्या त्या पठारावर नांदी आणि मसाई लोक राहत होते. पॅलेस्टाईनमध्येही बहुसंख्य अरब होते, त्यांचीही ती मायभूमीच. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ‘ज्यूंचं राष्ट्रीय घर’ हे शब्द आले, पण तिथल्या अरबांना कुणी विचारलं नव्हतं. १९४८ मध्ये इस्रायल जन्मला आणि त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. एकाची ओढ पुरी होताना दुसऱ्याची ओढ सुरू झाली.

शेवटी आपल्या कोकणाकडे येऊ. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. धर्मासाठी इथे त्यांच्यावर कुणी हात उगारला नाही. तरीही १९४८ नंतर बहुसंख्य तिकडे गेले. तिथे काय झालं? लग्नाच्या वेळी, तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा प्रश्न धर्मपीठानं त्यांना विचारला! त्यासाठी जेरुसलेममध्ये आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आणि आजही त्यांच्यातले जुने लोक घरात मराठी बोलतात.

म्हणजे एका मायभूमीत पोचल्यावर दुसरीची आठवण सुरू होते. मग मायभूमी कशानं ठरते: पूर्वजांनी, भाषेनं, की जिथे आपल्याला कुणी ‘तू कोण’ असं विचारत नाही त्या जागेनं? यावर विचार करून या. पुढच्या वेळी आपण १९१७ च्या जाहीरनाम्यातला एकेक शब्द तपासणार आहोत.