पाटल्या मोडण्याआधी लेथ बघा!

ऊसपट्ट्यात पंपाचा शाफ्ट नाहीतर ट्रॉलीची पिन कधी दगा देईल, नेम नाही. म्हणून माळशिरसकडच्या एखाद्या घरात ‘शेडमध्ये आपलाच जुना लेथ टाकू’ असं ठरतं आणि आधी आठवतात त्या घरच्या बाईच्या पाटल्या! मैत्रिणींनो, मग मशीन बघायलाही तुम्ही जा.

नव्या रंगाला भुलू नका. बेड चकाजवळ जास्त झिजतो, कारण काम तिथंच चालतं. सॅडल तिथं सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट सरकत असेल, तर झीज समजा. मशीन चालवायला लावा. खडखड आली तर गिअर-बेअरिंगचा खर्च धरा. समोर सळई टर्न करून दोन्ही टोकं मोजा. मोटर थ्री फेज आणि घरात सिंगल फेज असेल, तर तोही खर्च आलाच. १९४१ मध्ये हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ नावाजलेले. पण कारखाना बंद पडलाय, तेव्हा सुटे भाग मिळतील का ते आधी विचारा.

मशीनजवळ पदर, ओढणी, वेणी आवरा. चकाची चावी काढल्याशिवाय बटण दाबू नका.

आणि हो, पाटल्या तुमच्या, तर बिलावर नावही तुमचं हवं!