लाल-निळ्या नकाशात न मावणारं गाव

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली की आपल्याकडच्या वाहिन्यांवरही लाल (रिपब्लिकन) आणि निळ्या (डेमोक्रॅट) रंगांचा नकाशा झळकतो. हजार-दोन हजार वस्तीची गावं त्यात एकाच रंगात बुडून जातात. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या, विशेषतः व्हरमाँट राज्यातल्या गावांबाबत तर हा रंग पुरती दिशाभूल करतो.

गैरसमज १: मध्यरात्री मतदान करणारं चिमुकलं गाव देशाचा कौल आधीच सांगतं.

वस्तुस्थिती: शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधली डिक्सव्हिल नॉच ही वस्ती १९६० पासून रात्री बाराच्या ठोक्याला मतदान करते. नोंदलेल्या सगळ्यांनी मत दिलं की केंद्र बंद करायची तिथे मुभा आहे, म्हणून निकालही लगेच हाती येतो. प्रथा रुजवली ती तिथल्या बाल्सम्स हॉटेलचे मालक नील टिलॉटसन यांनी. मात्र पहिल्याच वेळी नऊच्या नऊ मतं निक्सन यांना पडली आणि अध्यक्ष झाले केनेडी. २०१२ मध्ये ५-५, २०२४ मध्ये ३-३ अशी बरोबरी झाली. २०२४ च्याच रिपब्लिकन उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत सहाही मतं निकी हेली यांना मिळाली, पण राज्य ट्रम्प यांनी जिंकलं. अर्धा डझन मतांवरून देशाचं भाकीत करण्यात काही अर्थ नाही.

गैरसमज २: खेडं म्हणजे रिपब्लिकन, शहर म्हणजे डेमोक्रॅट.

वस्तुस्थिती: २०२० च्या जनगणनेनुसार ग्रामीण लोकसंख्येचं प्रमाण सर्वाधिक असलेलं राज्य व्हरमाँटच. तरीही त्या वर्षी तिथल्या १४ पैकी १३ काउंट्यांमध्ये बायडन पुढे होते. ट्रम्प यांच्या वाट्याला आली ती एकटी एसेक्स. मग हे लोक पक्के डेमोक्रॅट म्हणावेत, तर त्याच दिवशी त्यांनी गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन फिल स्कॉट यांना दोन तृतीयांशांहून अधिक मतं दिली. २०२४ मध्येही राज्यात हॅरिस यांना साठ टक्क्यांहून जास्त आणि स्कॉट यांना सत्तर टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. म्हणजे हजारो लोकांनी एकाच बैठकीत दोन्ही पक्षांना मत दिलं. हेच राज्य १८५६ पासून १९६० पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकनांच्या मागे उभं होतं, हेही विसरू नये.

गैरसमज ३: गावच्या निवडणुकीतही हेच दोन पक्ष भिडतात.

वस्तुस्थिती: इथे गावाचा कारभार तीन किंवा पाच जणांचं सिलेक्टबोर्ड पाहतं आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे सहसा पक्ष नसतो. वाद असतात ते बर्फ हटवणारा ट्रक यंदा घ्यायचा की आणखी एक हिवाळा जुन्यावरच रेटायचा, असे. व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. बर्फ वितळू लागला की त्यांचा चिखल होतो आणि गाड्या रुतून बसतात. त्यामुळे खडी कुठे पडली आणि कुठे नाही, यावर मत फिरू शकतं.

गैरसमज ४: टाउन मीटिंगला अख्खं गाव लोटतं.

वस्तुस्थिती: मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणारी ही सभा आपल्या ग्रामसभेची आठवण करून देईल. विषयपत्रिका किमान तीस दिवस आधी लावावी लागते. मॉडरेटर एकेक विषय वाचतो, लोक हात वर करून शंका विचारतात, अंदाजपत्रकातल्या रकमा तिथल्या तिथे कमी-जास्त करतात आणि शेवटी ‘हो’ की ‘नाही’ ते मोठ्याने सांगतात. शेजाऱ्यांदेखत आवाज द्यायला अवघड वाटत असेल, तर सात मतदारांच्या मागणीवरून कागदी मतपत्रिका वापरता येते. पण अशा हजारावर सभांचा अभ्यास केलेले राज्यशास्त्रज्ञ फ्रँक ब्रायन यांना सरासरी हजेरी नोंदणीकृत मतदारांच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच आढळली. गाव जितकं लहान तितकी ती जास्त. आता अनेक गावांनी काही निर्णय सभेत न घेता दिवसभराच्या गुप्त मतदानावर सोपवले आहेत. त्यात नोकरदारांची सोय होते, पण अंदाजपत्रकातला आकडा जागेवर बदलायची संधी जाते.

गैरसमज ५: गावची निवडणूक म्हणजे गंमत, तिथे बकरीसुद्धा महापौर होते.

वस्तुस्थिती: मार्च २०१९ मध्ये व्हरमाँटमधल्या फेअर हेवन गावात लिंकन नावाची बकरी १३ मतं मिळवून ‘महापौर’ झाली, हे खरं. पण तो मुलांच्या क्रीडांगणासाठी निधी जमवण्याचा उपक्रम होता. गावाचा खरा कारभार टाउन मॅनेजर आणि सिलेक्टबोर्डच पाहत होते. गंमत संपते ती घरपट्टीपाशी. व्हरमाँटमध्ये शाळांच्या खर्चालाही मतदारांची मंजुरी लागते. मार्च २०२४ मध्ये घरपट्टी भरमसाट वाढणार असं दिसताच त्यांनी राज्यातली जवळपास एक तृतीयांश शालेय अंदाजपत्रकं फेटाळली आणि शाळा मंडळांना काटछाट करून पुन्हा मतदारांपुढे यावं लागलं. त्याच नोव्हेंबरमध्ये टीव्हीवरच्या नकाशात व्हरमाँट नेहमीसारखं निळं होतं. या गावांचा कल ओळखायचा, तर नोव्हेंबरच्या रंगाइतकाच मार्चमधला हिशेबही वाचायला हवा.