कोयता गेल्यावर मागे राहिलेले लेकरू



दसरा आला की आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतल्या गावांत मुकादमाचे फेरे सुरू होतात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरतात. कोयत्याची उचल आधीच घेतलेली असते आणि बहुतेक वेळा खर्चूनही गेलेली असते. मग एके दिवशी पारावर ट्रक उभा राहतो. त्यात भांडी, ताडपत्री, जुंधळ्याचे पोते, शेळी आणि माणसे चढतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कुणी सोलापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत यायचे ते पाडव्याच्या आसपास.

शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि एप्रिलअखेर संपते. म्हणजे पाहा, आई-बाप गावात नसतात तो काळ शाळेच्या वर्षाचा जवळजवळ निम्मा होतो. अशा वेळी लेकराला सोबत न्यावे की मागे ठेवावे? हा प्रश्न मला पालकांनी कितीदा तरी विचारला आहे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. मागे ठेवावे. पण नुसते ठेवून जाऊ नये.

सोबत नेलेल्या लेकराचे काय होते ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आई पहाटे अंधारात फडावर जाते. दहा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, चूल पेटवते, पाणी आणते. पोरगा वाढे गोळा करतो. कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे खरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या सरकारी शाळेने वयाच्या मानाने योग्य वर्गात घेतलेच पाहिजे. दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. निघण्यापूर्वी गावच्या शाळेतून 'शिक्षण हमी पत्रक' मागून घ्यावे आणि तिकडच्या शाळेत दाखवावे. न्यायची वेळच आली तर एवढे तरी कराच. पण फड आज इथे तर पंधरा दिवसांनी तिथे. लेकराने कोणत्या शाळेत जावे?

मागे ठेवायचे तर जेवणाची सोय आधी पाहावी. अशा मुलांसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना आहे. त्यात सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते. दुपारचा आहार शाळेत असतोच. आपल्या शाळेत यंदा ही सोय होणार का, हे दिवाळीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीला विचारावे आणि यादीत नाव घालावे. ट्रक सुटल्यावर विचारून उपयोग नाही. मोठ्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. त्यात तालुक्याच्या ठिकाणी मुला-मुलींची वेगवेगळी वसतिगृहे आहेत. आपल्या तालुक्यात ते कुठे आहे, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

पोटाची सोय झाली. आता मनाची. यात माझीच एक चूक सांगतो.

मी नोकरीत होतो तेव्हाची, शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. चौथीत एक मुलगा होता. दिवाळीपर्यंत हुशार. दिवाळीनंतर गृहपाठ बंद. वर्गात पेंगायचा. मी त्याला तीन दिवस उभे केले. "अरे, रात्री काय दिवे लावतोस?" असे सगळ्यांसमोर बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी पहाटे मी फिरायला निघालो, तर हा हापशावर. दोन घागरी भरून एक एक करून घरी नेत होता. मी मागोमाग गेलो. घरात आज्जी एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "गुरुजी, लेकरू लई अभ्यास करतंय हो," म्हातारी म्हणाली. "अर्ध्या रातीपर्यंत तोंडावर उजेड दिसतोय."

तो उजेड मोबाइलचा होता. बापानेच घेऊन दिलेला, रोज बोलता यावे म्हणून. बोलणे व्हायचे दोन मिनिटे आणि उरलेली रात्र चित्रे पाहण्यात जायची. आता सगळे म्हणतात की मोबाइलने पोरे बिघडली. आमच्या लहानपणी हेच सिनेमाबद्दल म्हणत, त्याआधी तमाशाबद्दल म्हणत असतील. मला विचाराल तर त्या पोराला त्या घरात आवाज हवा होता, आणि तो जिथे मिळाला तिथे त्याने ऐकला. वर्गात त्याला उभे करणाऱ्या मला हे तीन दिवस सुचले नाही, याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी मी आज्जीजवळ बसून राहिलो. सातला फोन आला. आई विचारत होती, "जेवलास? शाळेत गेलतास? आज्जीला तरास देऊ नको." पोरगा प्रत्येकाला "हं" म्हणाला. संपले बोलणे. मी फोन मागून घेतला. "बाई, रोज एवढेच बोलता?" आईचा आवाज भरून आला. "गुरुजी, दिवसभर मोळ्या बांधून हात सुजतेत. बोलावं वाटतंय, पण काय बोलावं तेच सुचत नाही."

मी म्हणालो, "विचारू नका, सांगा. आज किती खेपा झाल्या, कोणता बैल बसला, शेजारच्या कोपीत काय शिजले, ते सांगा. तुम्ही सांगू लागलात की तोही सांगेल." तुम्हीसुद्धा करून पाहा. "अभ्यास केलास का?" या प्रश्नाला लेकरू हो म्हणते आणि दार लावून घेते. "आज आपल्या पांढऱ्याने पाय ताणला रे," असे म्हटले की ते दहा गोष्टी विचारते. मग हळूच आपले सांगते, हापशावर कोण भांडले तेही.

मोबाइल काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. निजताना तो आज्जीच्या उशाखाली असावा, आणि हे पोराला आई-बापांनी निघण्यापूर्वीच सांगावे. मागाहून सांगितले तर आज्जीचे कोण ऐकतो? आणि परतताना मन भरून येते म्हणून महागडी वस्तू आणू नये. पोराला तुम्ही हवे असता, पण वस्तू मिळत गेली की त्याला तिचीच सवय लागते.

पोरींची गोष्ट वेगळी आहे. वयात आलेली पोर मागे ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून भीती. म्हणून हंगामाच्या आधी लग्न उरकतात. काही ठिकाणी तर नवा कोयता तयार होतो म्हणूनही उरकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या विशी ओलांडलेल्या तरुणींत दर तिघींतल्या जवळजवळ एकीचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्यात हे प्रमाण शंभरात सुमारे २२ आहे. म्हणजे आपण मागे आहोत. २००६ चा कायदा मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे सांगतो. असे लग्न ठरल्याचे कळले तर ग्रामसेवकाला किंवा अंगणवाडीताईंना सांगावे, नाहीतर १०९८ या फोनवर कळवावे. त्याला पैसे लागत नाहीत. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, मलाही नाती आहेत. पण लग्नाने भीती जात नाही. ती फक्त दुसऱ्या घरी जाते आणि पोरीची शाळा मात्र सुटते. वसतिगृहासाठी अर्ज करायचा तो अशा पोरीसाठी सगळ्यात आधी.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो.

त्याच्या आई-बापांची बैलगाडी होती, म्हणून प्रत्येक खेपेला कारखान्याच्या काट्यावरची पावती त्यांच्या हाती पडे. आईला अक्षर येत नव्हते, आकडे मात्र ओळखू येत. मी पोराला एक वही दिली. रोज सातला आई पावतीवरचे आकडे एकेक करून सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. तारीख, खेप, वजन. मग बेरीज. समर्थ रामदास आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. त्यांनी दासबोधात अक्षर कसे काढावे यावर एक अख्खा समास लिहिला आहे. मी पोराला तेवढेच सांगितले, की आईचे आकडे आहेत, गिचमिड नको. त्याने त्या वहीत एकही खाडाखोड केली नाही. रात्रीचा उजेड कमी झाला. गृहपाठ लगेच सुधारला असे नाही, पण वर्गात तो पुन्हा हात वर करू लागला.

पाडव्यानंतर ट्रक परतला. मुकादमाने हिशेब वाचून दाखवला. उचल फिटली नाही, वर बाकी निघाली. बापाने नेहमीप्रमाणे मान हलवली असती. पण पोरगा आतून वही घेऊन आला आणि पायरीवर बसून तारखा वाचू लागला. माघ महिन्यातल्या दोन खेपा मुकादमाच्या कागदात नव्हत्या. आईने कनवटीच्या पिशवीतून त्या दोन पावत्या काढल्या. मुकादम म्हणाला, राहून गेल्या असतील. त्याने पुन्हा बेरीज केली. बाकी सगळी फिटली नाही, थोडी कमी झाली.

पुढच्या दसऱ्याला तो मुलगा शाळेत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, औंदा दोनशे पानी वही लागंल. काकाचीबी गाडी हाय."